गाडीत नवं सॉफ्टवेअर भरताना

सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डावर हल्ली ऑइल-फिल्टरच्या खाली ‘ईसीएम अपडेट’ अशीही ओळ दिसते. पाना-स्क्रूड्रायव्हर न लावता होणारं काम, त्यामुळे ते फुकटाफाकटी वाटतं.

ईसीएम, म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, हा इंजिनाचा कारभारी. इंधन किती, केव्हा सोडायचं हे तो ठरवतो. त्याच्या मेमरीत प्रोग्राम असतो आणि आकड्यांचे तक्ते, म्हणजे कॅलिब्रेशन. पुष्कळदा अपडेटमध्ये फक्त हे तक्तेच बदलतात. एवढ्याने काय होतं? २०१५ साली फोक्सवॅगनचं प्रदूषण-प्रकरण उघडकीला आलं: चाचणीपुरतं प्रदूषण कमी दाखवणारं सॉफ्टवेअर गाड्यांत होतं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेनं चाचण्या घेतल्या आणि भारतात सव्वातीन लाखांच्या आसपास डिझेल गाड्या परत बोलवाव्या लागल्या. युरोपात या गाड्यांच्याच इंजिन-मालिकेतल्या २ लिटर इंजिनांचा इलाज निव्वळ सॉफ्टवेअरनं झाला.

स्टीअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. तिथे केबल लावली की लॅपटॉप चेसिस नंबर आणि चालू सॉफ्टवेअरचा क्रमांक वाचतो, त्यानुसार कंपनीच्या सर्व्हरवरून फाइल येते. मग मॉड्यूल एक आकडा पुढे करतं. ठरलेल्या गणितानं त्याचं बरोबर उत्तर मिळालं तरच कुलूप उघडतं. जुना मजकूर पुसला जातो, नवा तुकड्यातुकड्यांनी उतरतो, शेवटी पडताळणी होते.

मेख आहे ती पुसण्या-लिहिण्याच्या मधल्या वेळात. इंजिन बंद, इग्निशन चालू, सगळा भार बॅटरीवर. व्होल्टेज पडून काम अर्ध्यात तुटलं, तर आत ना जुनं सॉफ्टवेअर उरतं ना नवं. बूटलोडर नावाचा छोटा भाग शाबूत असेल तर पुन्हा भरता येतं, नाहीतर मॉड्यूलच बदला! म्हणून जाणता टेक्निशियन आधी बॅटरीला स्थिर पुरवठ्याचं यंत्र जोडतो, १३ व्होल्टच्या वर काटा ठेवतो, दिवे-ब्लोअर बंद करतो. साधा चार्जर इथे चालत नाही, त्याचं व्होल्टेज हेलकावतं. या एका बाबतीत कंजुषी करणारं गॅरेज मी तरी टाळेन.

काम झाल्यावर जुने फॉल्ट कोड पुसतात. काही गाड्यांत थ्रॉटलला आपली जागा नव्यानं शिकवावी लागते, तोवर आयडलिंग जरा वरखाली होतं.

गाडी ताब्यात घेताना अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा सॉफ्टवेअर क्रमांक जॉब कार्डावर लिहून मागा.