हक्कसोडपत्र : एका शब्दाचा अर्थविचार

दस्तऐवजांच्या मराठीत ‘हक्कसोडपत्र’ हा शब्द स्त्री वा पुरुष असा भेद करीत नाही. व्यवहारात मात्र हक्क सोडणारी बहुधा बहीण असते आणि लाभधारक भाऊ. स्त्रीच्या आर्थिक स्वातंत्र्याची चर्चा करताना कुटुंबविषयक कायद्यांबरोबर या शब्दाचाही विचार व्हावयास हवा.

महाराष्ट्राने हिंदू उत्तराधिकार कायद्यात दुरुस्ती करून २२ जून १९९४ पासून मुलीला जन्मतः सहदायाद मानले. परंतु त्या तारखेपूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. दिल्या घरी गेलेली लेक मूळ घरची उरत नाही, हा लोकसमज येथे कायद्याच्या कलमात शिरला, असेच म्हणावे लागेल. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत हा भेद राहिला नाही. आणि दुरुस्तीच्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात दिला.

तरीही वाटा हाती येत नाही, याचे एक कारण ‘माहेर’ या संकल्पनेत आहे. जात्यावरच्या ओव्यांतील माहेर हे विसाव्याचे स्थान. तेथे मालकीची भाषा नाही. वाटा मागणाऱ्या बहिणीला ते स्थान गमावण्याचे भय असते. भाऊबीज, बाळंतपण, सासरी बिनसल्यास आसरा, हे सारे अलिखित असते. दस्तातील ‘राजीखुशीने, विनामोबदला’ हे शब्द म्हणूनच अर्धसत्य होत. मोबदला असतो, तो लिहिता येत नाही. शिवाय जवळच्या नात्यातील अशा हक्कसोडीस महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. जे शासन वाटा देते, तेच तो सोडणे स्वस्त करते!

हक्कसोडीत स्त्रीचे नाव दस्तातून जाते; दुसऱ्या एका धोरणाने ते दस्तात येते. दिल्लीत स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्क पुरुषापेक्षा दोन टक्क्यांनी कमी पडते. मयूर विहारसारख्या मध्यमवर्गीय वसाहतीत सदनिका पत्नीच्या नावे करण्यामागे ही बचतही असू शकते. हेतू हिशेबी असला तरी परिणाम क्षुल्लक नव्हे : तिच्या सहीवाचून ते घर विकता येत नाही.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये अशीच एक टक्का सवलत दिली, ती मात्र पंधरा वर्षे ते घर पुरुषास न विकण्याच्या अटीवर. ही अट २०२३ मध्ये रद्द झाली. तिने स्त्रीच्या मालकीचा संकोच होत होता, हे खरे. पण सवलत पदरात पाडून, तिची सही घेऊन, घर पुन्हा आपल्या नावे फिरविणाऱ्यांना पंधरा वर्षे थांबावे लागत होते, हेही तितकेच खरे.