परभणीची नोंद, कोल्हापूरचा फड

दिवाळी सरते आणि गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर या तालुक्यांतल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीला, कुणी साताऱ्याला, कुणी थेट बेळगावकडच्या कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेऊन खर्चलेली असते, म्हणून बाईला सहावा महिना लागला तरी कोयता मोडता येत नाही, ती जाते. उपकेंद्रातल्या सिस्टरने, म्हणजे एएनएमने, तिची नोंद बारा आठवड्यांच्या आत केलेली असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीडीचं इंजेक्शन, सारं माता-बाल आरोग्याच्या आरसीएच रजिस्टरात आणि पोर्टलवरही असतं. नोंद परभणी जिल्ह्यात राहते, बाई फडावरच्या कोपीत. बाळंतपण तिकडेच होतं. बाळाचे सुरुवातीचे डोस तिकडे मिळाले तर मिळाले. पाडव्याच्या आगेमागे टोळी परतली की सिस्टर दारोदार फिरून सगळी माहिती पुन्हा गोळा करते.

आरोग्यातल्या तंत्रज्ञानाची चर्चा बहुधा मोठ्या रुग्णालयांतल्या यंत्रांपासून सुरू होते. मला ती या बाईपासून सुरू करायची आहे. तिच्याबद्दल सरकारी यंत्रणेला जे काही ठाऊक असतं, ते जवळजवळ सगळं एएनएम आणि आशाताई यांच्या हातून गेलेलं असतं. त्या नोंदीचा तिला उपयोग झाला की नाही, यावरच आपल्या डिजिटल आरोग्याची पारख व्हायला हवी.

या कामाला जगभर नर्सिंग इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. रुग्णाजवळ असताना नर्सला जे दिसतं आणि कळतं ते नीट नोंदवायचं, ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोचवायचं आणि त्यासाठीची प्रणाली घडवण्यात भाग घ्यायचा, असा हा विषय. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९९२ साली त्याला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली. मुळं मात्र त्याहून बरीच जुनी आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या. प्रत्येक रुग्णालय आपापल्या पद्धतीने नोंदी ठेवतं, त्यामुळे कुठे माणसं जास्त मरतात हे कळतच नाही, ही त्यांची तक्रार होती. १८६० च्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेपुढे त्यांनी सर्व रुग्णालयांसाठी एकच नमुना मांडला. भारतात त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या लष्करी छावण्यांतून मागवलेल्या माहितीवर त्यांनी आरोग्याचा अभ्यास केला आणि पुढे खेड्यांतल्या स्वच्छतेबाबत पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहारही केला.

दुसरं उदाहरण आपल्या काळातलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेका इथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात स्यू किनिक नावाची नर्स होती. भाड्याची मोटार परत करताना तिथला माणूस बारकोड वाचून क्षणात हिशेब मिटवतो, हे तिने पाहिलं. मोटारीसाठी हे होऊ शकतं तर रुग्णाच्या मनगटावरच्या पट्टीसाठी आणि औषधाच्या पाकिटासाठी का नाही, हा प्रश्न तिने रुग्णालयात नेला. १९९० च्या दशकात त्यातून चुकीच्या रुग्णाला चुकीचं औषध जाऊ नये म्हणून बारकोड पद्धत उभी राहिली आणि पुढे माजी सैनिकांच्या देशभरच्या रुग्णालयांत पसरली. कल्पना सुचली ती पाळीपाळीने औषधं वाटणाऱ्या बाईला.

या गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. २००८ मध्ये संशोधक रॉस कॉपेल आणि सहकाऱ्यांनी अशा बारकोड पद्धती रुग्णालयांत प्रत्यक्ष कशा वापरल्या जातात ते तपासलं. नर्सेस पद्धतीला वळसा घालतात असे पंधरा प्रकार त्यांना सापडले: रुग्णाच्या पट्टीची जादा प्रत छापून ठेवणं, औषध दिल्यावर मागाहून स्कॅन करणं वगैरे. आळस म्हणून हे सोडून देता आलं असतं. कॉपेलच्या गटाने कारणं शोधली, तेव्हा ती तीसहून अधिक निघाली. न वाचता येणारे बारकोड, संपलेली बॅटरी, न मिळणारं नेटवर्क, दरवाजातून आत न जाणारी औषधांची गाडी. वळसा घालणारी नर्स प्रणालीतला दोष दाखवत असते, फक्त तो वाचणारं कुणी लागतं.

आता परभणीकडे येऊ. नऊ तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाअठरा लाखांवर लोकसंख्या. सपाट प्रदेशात पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र हा सरकारी निकष, आणि तिथल्या कामाचा भार मुख्यतः एएनएमवर. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत तिच्या टेबलावर काय काय आलं ते पाहा. २००९ मध्ये माता-बालकांच्या मागोव्याची एमसीटीएस, तिच्या जागी आरसीएच पोर्टल, २०१६ पासून टॅबलेटवरचं अनमोल, क्षयरोगासाठी निक्षय, तीस वर्षांवरील लोकांच्या मधुमेह-रक्तदाब तपासणीचं एनसीडी अॅप, लसींच्या साठ्यासाठी ईविन, १६ जानेवारी २०२१ पासून कोविन आणि आता नियमित लसीकरणाचं यूविन. प्रत्येक प्रणालीमागे खरी गरज होती, हे मी मनापासून मानतो. पण बहुतेकींना तेच नाव, तेच वय, तोच मोबाइल नंबर पुन्हा हवा असतो. ओटीपी येतो तो घरधन्याच्या फोनवर, आणि फोन गेलेला असतो शेतात. जिंतूरच्या डोंगराळ भागात नेट मिळेलच असं नाही. अनमोल नेटशिवाय नोंद घेऊन नंतर ती वर पाठवू शकतं, ही त्यातली खरोखर विचारपूर्वक केलेली सोय.

कागदी रजिस्टर मात्र सुटत नाही. सिस्टर आधी वहीत लिहिते, मग सवड मिळेल तेव्हा, पुष्कळदा रात्री घरी, टॅबमध्ये भरते. वरिष्ठांना यात जुनी सवय दिसते. मला यात कॉपेलने पाहिलेला वळसा दिसतो. वहीचं पान उलटलं की कोणत्या घरात जोखमीची माता आहे, कुणाचं बाळ डोसाला आलं नाही, हे एका नजरेत कळतं. हंगामात बाहेरगावी गेलेल्यांपुढे ती पेन्सिलीने खूण करते. अशी खूण करायला स्क्रीनवर साधी जागा असती, तर वही कदाचित आपोआप मागे पडली असती.

स्थलांतराचा प्रश्न राज्याला ठाऊक नाही असं नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला तेव्हा २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२ हजारांहून अधिक महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. एवढी मोठी गोष्ट दिसायला स्वतंत्र पाहणी करावी लागली, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यानंतर महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांसाठी महाएमटीएस ही मागोवा प्रणाली राज्यभर आणली. यूविनमध्ये बाळाला देशात कुठेही पुढचा डोस घेता येतो आणि आधीची नोंद तिथे दिसते. प्रत्येकाच्या आरोग्य नोंदींसाठीच्या चौदा अंकी आभा क्रमांकामागेही हीच कल्पना आहे. म्हणजे रस्ता तयार होतो आहे. आता महाएमटीएसमधली अंगणवाडीची यादी आणि उपकेंद्राची यादी एकमेकींना भेटली पाहिजे, कारण बाई एकच आहे आणि खाती दोन.

शिक्षणातही हालचाल आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ मध्ये राजपत्रात आलेल्या बी.एस्सी. नर्सिंगच्या नव्या अभ्यासक्रमात आरोग्य व परिचर्या माहितीशास्त्र हा विषय पहिल्याच वर्षी येतो. आजारांच्या नोंदींना जगभर एकच अर्थ मिळावा म्हणून वापरली जाणारी स्नोमेड सीटी संज्ञावली भारतात सांभाळणारं राष्ट्रीय केंद्र पुण्यात सी-डॅकमध्ये आहे. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं; तिथली रुग्णालय प्रणाली ठरवणाऱ्या समितीत वॉर्ड सांभाळणारी एक इनचार्ज सिस्टर आणि जिल्ह्यातली एक एएनएम बसवायला पैसे लागत नाहीत. स्क्रीनवर कोणता रकाना आधी हवा आणि कोणता नकोच, हे त्या दोघी एका बैठकीत सांगतील.

गाळप हंगामाची तयारी पावसाळ्यातच सुरू होते. मुकादमाला आपल्या टोळीतली नावं पाठ असतात, कारखान्याला टोळ्या माहीत असतात. सप्टेंबरच्या ग्राम आरोग्य व पोषण दिनाला सिस्टर, आशाताई आणि अंगणवाडी सेविका मिळून जाणाऱ्या गरोदर मातांची आणि दोन वर्षांखालच्या बाळांची यादी करू शकतात. ती कारखान्याच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात टोळी पोचायच्या आधी पोचायला हवी, आणि बाळंतपणाची, डोसाची नोंद तिथून परभणीच्या उपकेंद्राच्या स्क्रीनवर परत यायला हवी. सगळा जिल्हा एकदम जमणार नसेल तर गंगाखेड आणि पालम या दोन तालुक्यांपासून आणि हिमोग्लोबिन सातच्या खाली असलेल्या बायकांपासून येत्या हंगामात सुरुवात करता येईल.