जुनी उंची मोटार : साधी की जोरकस?

रेल्वेच्या वरच्या वर्गाने प्रवास करणाऱ्यांना ‘कूपे’ हा शब्द नवा नाही. दोनच शायिकांची ती लहानशी, बंद दाराची खोली. मूळ शब्द फ्रेंच, आणि त्याचा अर्थ ‘कापलेला’. घोडागाड्यांच्या काळी समोरासमोर बाके असलेल्या गाडीतून पुढचे बाक कापून टाकले, म्हणजे जी आटोपशीर गाडी उरे तिला कूपे म्हणत. पुढे घोडा गेला, इंजिन आले; नाव मात्र टिकले. आज दोन दारांच्या, मागे उतरत्या छपराच्या आणि बहुधा दोघांच्याच सोयीच्या मोटारीला हे नाव आहे. अशी मोटार ही गरजेची वस्तू नव्हे, हौसेची होय. परंतु हिशेबाची आवश्यकता गरजेपेक्षा हौसेलाच अधिक असते. कारण गरजेची मर्यादा गरजच सांगते, हौसेची मर्यादा माणसाला स्वतः घालावी लागते.

नवी उंची कूपे घेणे फार थोड्यांना परवडते. तीच मोटार सातआठ वर्षांची झाली म्हणजे मात्र तिचा भाव पुष्कळ खाली येतो, आणि मुंबई-दिल्लीच्या बाजारातून ती नागपूर, इंदूर, रायपूर अशा शहरांकडे वळते. रायपूरचेच उदाहरण घ्यावे. १९५६ पर्यंत हे शहर नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रदेशात होते. नोकरी, वकिली, शिक्षण यांच्या निमित्ताने त्या काळापासून तेथे मराठी कुटुंबे नांदत आली. भिलाईचे पोलाद आणि २००० साली लाभलेला राजधानीचा मान यांमुळे शहर वाढले, रस्ते रुंदावले, व्यापारउदीम भरभराटीला आला. तेथील एखाद्या पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थाची कल्पना करावी. मुले शिकून परगावी गेली आहेत, घर बांधून झाले आहे, आयुष्यभर मनात जपलेली एक हौस तेवढी उरली आहे. त्याच्यासमोर एकाच घडणीच्या दोन जुन्या मोटारी येतात. रूप एक, नाव एक. पण एक साधी आणि दुसरी जोरकस. नव्या असताना दोहोंच्या किमतीत मोठे अंतर होते. आता ते बरेच आखडले आहे. ‘थोडे अधिक घातले की दुप्पट मोटार मिळते,’ असे दलाल सांगतो. हे सांगणे कितपत खरे?

यासाठी एक ठाशीव उदाहरण जग्वार एफ-टाइप या मोटारीचे आहे. १९६१ साली जिनेव्हाच्या प्रदर्शनात जग्वारची ई-टाइप मोटार प्रथम झळकली आणि तिच्या लांब नाकाचा लौकिक जगभर झाला. तिचा वारसा सांगणारी एफ-टाइप २०१३ साली बाजारात आली. तोवर जग्वारचा कारभार टाटा मोटर्सकडे, २००८ सालीच, आलेला होता. २०२४ मध्ये एफ-टाइपचे उत्पादन थांबले; म्हणजे आता ती घ्यायची तर जुनीच घ्यावी लागते. तिच्या २०१७ पासून मिळू लागलेल्या साध्या आवृत्तीत २ लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन असून ते ३०० अश्वशक्ती देते. ‘आर’ या जोरकस आवृत्तीत ५ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन आहे. हवा दाबून भरणाऱ्या सुपरचार्जरमुळे ते ५५० अश्वशक्ती देते. उभ्या जागेवरून ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठण्यास पहिलीला ५.७ सेकंद लागतात, चारही चाकांना जोर देणाऱ्या दुसरीला ४.१. अंतर दीड सेकंदाहून किंचित अधिक. डोळ्याची दोनतीन पाती लवावीत एवढेच.

परंतु फरक केवळ इंजिनाचा नसतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. मोठे इंजिन जड असते. चारही चाकांना जोर द्यायचा तर आणखी दांडे व गिअर लागतात. त्यामुळे वरील दोन मोटारींच्या वजनात सुमारे २०० किलोंचा फरक पडतो. शिवाय वेग दुप्पट झाला की मोटारीच्या अंगची गतिजन्य ऊर्जा चौपट होते, आणि ती सारी ब्रेकला उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. म्हणून जोरकस मोटारीला ब्रेकच्या थाळ्या मोठ्या, टायर रुंद व मऊ रबराचे, पाणी आणि तेल थंड ठेवण्याची व्यवस्थाही अधिक घालावी लागते. थोडक्यात, अधिक जोर ही मोटारीत घातलेली एखादी सुटी वस्तू नव्हे. तो नखशिखांत पसरलेला एक स्वभाव आहे. तो विकत घेणाऱ्याने त्याची सारी गरजही विकत घेतलेली असते.

आता रस्ता काय मागतो ते पाहावे. सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरचा वेग नुसता राखण्यास अशा मोटारीला अवघी २० च्या आसपास अश्वशक्ती पुरते. वेग २०० वर नेला तर हवेचा विरोध इतका वाढतो की शंभराहून अधिक अश्वशक्ती लागते. परंतु २०० चा वेग चालवणार कोठे? २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेप्रमाणे चौपदरी महामार्गावर मोटारींची कमाल मर्यादा ताशी १०० आणि द्रुतगती मार्गावर १२० किलोमीटर आहे. रायपूरहून दुर्ग-भिलाईमार्गे नागपूर गाठावे आणि तेथून समृद्धी महामार्गाने मुंबईकडे निघावे, तरी याहून अधिक मोकळीक कायदा देत नाही. जगदलपूरच्या वाटेवर केशकालचा घाट लागतो. तेथे वळणे, मालमोटारी आणि अधूनमधून गुरे. अशा ठिकाणी चालकाची नजर आणि ब्रेक यांची किंमत अश्वशक्तीहून मोठी. पुढच्या मालमोटारीला चटकन मागे टाकण्यापुरता जोर लागतो हे खरे. पण तो ३०० अश्वशक्तीच्या मोटारीत ओसंडून जाण्याइतका असतो.

हवामानाचाही विचार हवा. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांना सहज भिडतो. १५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे नऊ टक्के विरळ असते. इंजिनाला तेवढा प्राणवायू कमी मिळतो आणि त्याचा जोर काहीसा ओसरतो. याच उन्हात, शहरातील गर्दीत थांबत थांबत चालताना मोठे इंजिन अधिक तापते; रबराच्या नळ्या, प्लास्टिकचे जोड यांचे आयुष्य त्यामुळे घटते. पेट्रोलची गोष्टही तशीच. अशा इंजिनांना बहुधा ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनचे पेट्रोल सांगितलेले असते. २०२५ पासून देशभर पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सामान्यपणे मिळू लागले. जुन्या मोटारीला किती इथेनॉल चालते, हे तिच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाच्या आत छापलेले असते. ते वाचल्यावाचून व्यवहार करू नये.

याहूनही महत्त्वाचा मुद्दा खर्चाचा. जुन्या मोटारीचा भाव उतरतो; तिचा खर्च मात्र उतरत नाही. दहा लाखांना घेतलेल्या जुन्या मोटारीसाठी ब्रेकची थाळी मागवली, तर दुकानदार ती दहा लाखांच्या मोटारीच्या दराने देत नाही. ती मोटार नवी असताना ज्या किमतीची होती त्या इभ्रतीने देतो. साध्या व जोरकस मोटारींच्या बाजारभावातील अंतर आखडते ते याच कारणाने. दुसऱ्या गिऱ्हाइकाला पुढचा खर्च दिसत असतो, म्हणून तो मागे सरतो आणि भाव पडतो. स्वस्ताई ही येथे मोटारीची मेहेरबानी नसून तिने दिलेली सूचना असते. हत्ती आंदण मिळाला तरी चाऱ्याचा खर्च ज्याचा त्यालाच करावा लागतो. गंमत अशी, की तृतीय पक्षाच्या विम्यात १५०० घन सेंटिमीटरांवरील सर्व खासगी मोटारींचा एकच वर्ग असल्याने २ लिटर आणि ५ लिटर यांत भेद होत नाही. तो भेद टायर, ब्रेक, पेट्रोल आणि कार्यशाळा मात्र पुरेपूर वसूल करतात.

मग जोरकस मोटार कोणीच घेऊ नये काय? तसे नाही. आठ सिलिंडरांच्या इंजिनाचा घनगंभीर नाद ही ज्याच्या दृष्टीने खरी प्राप्ती आहे, ज्याच्यापाशी रोजच्या वापराची दुसरी मोटार आहे आणि दुरुस्तीसाठी चार महिने थांबण्याइतके धैर्य व पैसा आहे, त्याने ती खुशाल घ्यावी. किंबहुना, हयगय झालेल्या साध्या मोटारीपेक्षा निगुतीने राखलेली जोरकस मोटार केव्हाही बरी. पहिली निवड आवृत्तीची नसून आधीच्या मालकाची असते, हे जुन्या बाजाराचे सूत्र विसरता कामा नये.

तो मालक कसा होता हे मोटारच सांगते. टायरच्या कडेवर चार आकडे असतात; २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर चार वर्षांचे आणि चार कंपन्यांचे निघाले, तर आधीचा मालक खर्चाला कचरत होता असे समजावे. ब्रेकच्या थाळीवर किमान जाडी कोरलेली असते. ती मोजून पाहावी. इंजिन रात्रभर थंड राहिल्यावर सकाळी स्वतःसमोर सुरू करवावे. गरम इंजिन पुष्कळ दोष लपवते. संगणकयंत्र जोडून साठलेल्या दोषांची यादी काढावी आणि तेल बदलल्याच्या नोंदी तारखांसह पाहाव्यात.

कागदपत्रांत ढिलाई नको. परराज्यातून मोटार आणायची तर मूळ परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरवून घ्यावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या मोटारीला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्या राज्याचा करही ओघाने येतो. मुंबईत ठरलेला भाव हा रायपूरच्या दारातला भाव नव्हे.

सौदा करण्यापूर्वी गृहस्थाने तीनच दर लेखी मागवावेत : चार टायरांचा, चारही ब्रेकच्या थाळ्यांचा आणि वर्षाच्या देखभालीचा. त्याबरोबर सर्वांत जवळची जाणती कार्यशाळा किती किलोमीटरवर आहे, हेही विचारावे. हे दर दोन्ही मोटारींसाठी शेजारी शेजारी मांडले म्हणजे बहुतेकांचा निर्णय तेथेच होतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असे वडीलधारी माणसे सांगत आली. त्यात पाय पसरण्याची मनाई नाही; अंथरूण मोजण्याचा आग्रह तेवढा आहे. जी मोटार घरधन्याला महिन्यातून चार वेळा, निश्चिंत मनाने, शेजारच्या आसनावर पत्नीला बसवून भिलाईपर्यंत नेऊन आणते, तीच त्याच्या हौसेला पुरी पडली असे म्हणावे. गॅरेजात झाकून ठेवलेल्या ५५० अश्वशक्तीपेक्षा रस्त्यावर धावणारी ३०० अश्वशक्ती निश्चितच अधिक आहे.