ऑक्सफर्डची ऑनलाइन मुलाखत : उत्तरं नव्हे, विचार बोलून दाखवा

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पदवी प्रवेशाच्या मुलाखती 2020 पासून ऑनलाइन होतात, डिसेंबरमध्ये. आपल्याकडची मुलं तयारी म्हणून 'हाच विषय का?' याचं उत्तर घोकतात. माझ्या मते हा वेळ चुकीच्या जागी जातो. मुलाखत घेणारे त्या विषयाचे प्राध्यापकच असतात आणि मुलाखतीचा साचा तिथल्या ट्युटोरियलचा, म्हणजे मोजक्या विद्यार्थ्यांसोबतच्या शिकवणीचा असतो. अनोळखी आलेख, उतारा किंवा गणित समोर ठेवतात, अडलात तर धागा देतात आणि तो धागा तुम्ही कसा पकडता ते पाहतात. विद्यापीठाने नमुना प्रश्न आणि सरावाच्या मुलाखतींचे व्हिडिओ मोफत ठेवले आहेत. ते पाहिलेत की लगेच कळतं, पाठ केलेलं भाषण तिथे फार वेळ टिकत नाही. म्हणून रोज एक नवा प्रश्न घ्या आणि मोठ्याने बोलत सोडवा, चुकलं तर तेही बोलून दुरुस्त करा.

कुणी म्हणेल, इंग्रजी अडखळतं, मग पाठांतराचाच आधार. पण अडखळत मांडलेला तर्कही प्राध्यापकांना तपासता येतो, पाठ केलेल्या वाक्यात तपासायला काही उरतच नाही. तांत्रिक तयारी मात्र खरंच हवी: मुलाखत मायक्रोसॉफ्ट टीम्सवर होते, गणितासारख्या विषयांत मिरो या ऑनलाइन फळ्यावर लिहावं लागतं. स्टायलसने लिहिता लिहिता बोलण्याचा सराव आधीच करा. आणि वेळ नीट वाचा, डिसेंबरात भारत ब्रिटनच्या साडेपाच तास पुढे असतो.