हरताळ आणि पाठभेद : घरगुती ध्वनिमुद्रणातील दोन पद्धती

एके काळी ध्वनिमुद्रण ही गवयाच्या हातातील गोष्ट नव्हती. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गायन मावे आणि ते मेणाच्या थरावर एका दमात कोरले जाई. मध्येच स्वर ढळला किंवा शब्द चुकला, तर तो थर बाद करून पुन्हा पहिल्यापासून गाणे एवढाच उपाय होता. आज पुण्याजवळ खडकवासल्यासारख्या ठिकाणी राहणारा गायक घरातील एका खोलीत संगणक, ध्वनिग्राहक आणि हेडफोन एवढ्या सामग्रीवर अभंग वा भावगीत मुद्रित करू शकतो. गाताना चूक होणे काही थांबलेले नाही. मात्र ती दुरुस्त करण्याचे मार्ग आता एकाहून अधिक आहेत. त्यांपैकी दोन मार्ग प्रमुख होत. एकास ‘पंच-इन’ आणि दुसऱ्यास ‘काँपिंग’ म्हणतात. या दोहोंतील भेद वरवर पाहता केवळ तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो संहितेच्या चिकित्सेतील एका जुन्या प्रश्नाशी निगडित आहे, आणि म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाने त्याची दखल घेणे अगत्याचे आहे.

प्रथम या पद्धतींचे स्वरूप पाहू. पंच-इन करताना गायक आपले आधीचे मुद्रण ऐकत राहतो. सदोष जागा आली की त्या क्षणी यंत्र मुद्रणाच्या अवस्थेत आणले जाते, तेवढा तुकडा पुन्हा गायला जातो आणि तो संपताच यंत्र पूर्ववत केले जाते. बटण दाबून मुद्रणात ‘शिरणे’ हाच या शब्दाचा अर्थ. काँपिंगमध्ये याच्या उलट क्रम असतो. तेथे गीत तीन, चार किंवा पाच वेळा पूर्ण गायले जाते. अशा प्रत्येक आवृत्तीस ‘टेक’ म्हणतात. नंतर शांतपणे ऐकून एका टेकमधील मुखडा, दुसऱ्यातील अंतऱ्याची पहिली ओळ, तिसऱ्यातील अखेरची तान असे वेचे घेऊन एक संमिश्र टेक सिद्ध केला जातो. इंग्रजीतील ‘कंपोझिट’ या शब्दाचे हे संक्षिप्त रूप आहे.

चुंबकीय फितीच्या काळी या दोहोंतील अंतर फार मोठे होते. फितीवर मुद्रण होत असता आधीचा ध्वनी पुसणारे शीर्ष पुढे असे. त्यामुळे पंच केलेल्या जागेचा पूर्वपाठ कायमचा नष्ट होई, आणि हात क्षणभर उशिरा हलला तर पुढील निर्दोष शब्दाचा आरंभही त्याबरोबर जाई. अनेक पट्ट्यांवर वेगवेगळे मुद्रण करून ते एका लयीत ऐकण्याची सोय झाल्यावर अनेक टेक शेजारी शेजारी ठेवणे शक्य झाले. अशा प्रकारचे आठ पट्ट्यांचे यंत्र अँपेक्स कंपनीने १९५७ मध्ये लेस पॉल या वादकास पुरविले होते. संगणकावर आता सामान्यतः काहीच पुसले जात नाही. पंच केलेला तुकडा जुन्या मुद्रणावर आच्छादनासारखा बसतो आणि मूळ ध्वनी खाली शाबूत राहतो. तथापि बहुतेक घरगुती मुद्रणांत काम संपल्यावर ‘निरुपयोगी’ म्हणून हे मूळ काढून टाकले जाते, आणि व्यवहारात फितीच्या काळातील परिणामच पुन्हा घडून येतो.

हस्तलिखितांच्या अभ्यासकास हे दृश्य परिचित वाटेल. पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या अक्षरांवर पिवळी हरताळ लावी आणि वर शुद्ध पाठ लिही. ‘हरताळ फासणे’ हा मराठीतील वाक्प्रचार या प्रघाताचेच स्मरण देतो. पंच-इन ही ध्वनीवरील हरताळ होय. दुरुस्ती त्याच हाताने, त्याच बैठकीत होते आणि निर्णय तेथल्या तेथे घेतला जातो. काँपिंग हे मात्र संपादकाचे काम आहे. अनेक प्रती समोर मांडून, पाठभेद तोलून, एक पाठ स्वीकारण्याची ही क्रिया आहे.

या दुसऱ्या क्रियेचे भव्य उदाहरण पुण्यातच घडले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभिलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. तीसाठी १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. तिचे प्रमुख संपादक वि. सी. सुखटणकर यांनी स्वीकृत पाठाखाली पाठभेद नोंदविलेच, शिवाय जेथे पाठ पुरेसा निश्चित नव्हता तेथे अक्षरांखाली नागमोडी रेषा दिली. तरीही आक्षेप आला. सिल्व्हाँ लेव्ही यांचे म्हणणे असे की, पाठ नव्याने घडविण्यापेक्षा नीलकंठाचा प्रचलित पाठ छापून भेद तेवढे द्यावेत. कोणत्याही एका पोथीत जसाच्या तसा न आढळणारा पाठ ग्राह्य का मानावा, हा या वादाचा गाभा होय. साम्य अर्थात येथेच थांबते. सुखटणकर अधिक प्राचीन पाठाकडे जाऊ पाहत होते; काँपिंग करणारा, जे कधीच अखंड गायले गेले नाही असे उत्तम गायन निर्माण करू पाहतो.

असे निर्माण करणे कलेच्या दृष्टीने निषिद्ध आहे काय? पियानोवादक ग्लेन गूल्ड यांनी १९६६ मध्ये या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दिले. बाखच्या एका फ्यूगचे त्यांनी आठ टेक घेतले होते. त्यांतील सहावा आणि आठवा हे दोन्ही निर्दोष होते. पण एक सतत गंभीर आणि दुसरा सतत हलकाफुलका, म्हणून दोन्ही एकसुरी वाटत. दोहोंची लय जवळजवळ सारखी असल्याने आरंभ व शेवट सहाव्यातून आणि मधला भाग आठव्यातून घेऊन त्यांनी ते जोडले. येथे दुरुस्त करण्याजोगी चूक नव्हतीच. काँपिंगचा खरा उपयोग निवडीसाठी आहे, हे यावरून दिसते. पंच-इन चूक झाकते; काँपिंग पर्याय तोलते.

जोड कोठे द्यावा, हा मात्र शुद्ध ध्वनिशास्त्राचा प्रश्न आहे. बोलताना किंवा गाताना वर्ण मण्यांसारखे सुटे नसतात. प्रत्येक स्वराच्या अखेरीस पुढील व्यंजनाची चाहूल असते. य, र, ल, व यांच्यापाशी किंवा अनुनासिकाच्या मध्यावर कापल्यास जोड हमखास ऐकू येतो, कारण तेथे ध्वनी अखंड सरकत असतो. क, ट, प यांसारख्या अघोष स्पर्शवर्णांच्या उच्चारात मुख क्षणभर पूर्ण बंद होते आणि तेथे खरी नीरवता असते. ‘विठ्ठल’ या शब्दातील द्वित्त ठकाराचा निरोध तर चांगलाच दीर्घ असतो, त्यामुळे शब्दाच्या पोटात असूनही ती जागा जोडास सोयीची ठरते. श्वासाच्या बाबतीत एक दक्षता हवी. श्वास ज्या ओळीच्या आधी घेतला, त्या ओळीबरोबरच तो उचलावा. अन्यथा लहान श्वासावर दीर्घ ओळ येते आणि ऐकणाऱ्याला, कारण न कळताही, काही विपरीत जाणवते.

परिसराचाही विचार करावा लागतो. खडकवासल्यास पावसाळ्याच्या रात्री बेडकांचा आवाज असतो, रविवारी धरणाकडे आणि सिंहगडाकडे जाणाऱ्या वाहनांचा. सकाळच्या टेकमध्ये रात्रीचा तुकडा पंच केला तर कंठाचा पोत बदलतोच, शिवाय मागची शांतताही बदलते. म्हणून पंच त्याच बैठकीत, ध्वनिग्राहकापासून तेच अंतर राखून, निदान एक ओळ आधीपासून गात करावा. खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट मुद्रित करून ठेवल्यास जोडांखाली ती पसरता येते. तंबोरा स्वतंत्र आणि अखंड मुद्रित करावा. ख्यालात प्रत्येक वेळी विस्तार आणि लय वेगळी होत असल्याने काँपिंगचा मार्ग बहुधा बंदच असतो. बांधलेल्या चालीच्या, ठरलेल्या ठेक्यावरील गीतांतच तो मोकळा आहे.

खरी अडचण पुढे आहे. हे मुद्रण उद्या भाषेचा पुरावा म्हणून वाचले जाईल. समजा, गायकाने एका टेकमध्ये ‘चांदणे’ या शब्दातील चकार दंत्य उच्चारला आणि दुसऱ्यात, हिंदीच्या सवयीने, तालव्य. किंवा ‘राम’ मधील अंत्य अकार एकदा गाइला आणि एकदा गाळला. काँपिंगनंतर दोन्ही रूपे एकाच गायनात शेजारी येतील, आणि अभ्यासक तेथे वैकल्पिक उच्चाराचा नियम शोधू लागेल. तो नियम गायकाच्या मुखात नव्हे, संकलकाच्या निवडीत आहे.

मौखिक परंपरेत हा धोका अधिक गंभीर होतो. पुण्याच्या पश्चिमेस मुळशी भागातून हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी जात्यावरील ओव्यांचे जे संकलन आरंभिले, ते वाढत जाऊन लक्षाहून अधिक ओव्यांचे झाले, आणि १९९० नंतरच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांपैकी कित्येकांचे ध्वनिमुद्रणही झाले. अशा संग्रहाचे मोल त्यातील भेदांत आहे. एकच ओवी दोन स्त्रिया दोन रीतींनी म्हणतात, तीच स्त्री दुसऱ्या दिवशी नात्याचा शब्द बदलते. त्यांपैकी कोणतीही चूक नव्हे. आता घरोघरी नातवंडे आजीच्या ओव्या मुद्रित करतात. आजी अडखळली म्हणून तेवढी ओळ पंच केली, आणि पहिली पुसून टाकली, तर तिने मनात चाचपलेला दुसरा शब्द कायमचा जातो. ती पुन्हा गाऊ शकेलच असे नाही.

यावरून निष्कर्ष असा निघतो. कलाकृतीसाठी दोन्ही पद्धती ग्राह्य आहेत: किरकोळ, निःसंशय चूक असेल तेथे पंच-इन, आणि भावाची निवड करावयाची तेथे काँपिंग. परंतु कोणतीही दुरुस्ती प्रतीवर व्हावी, मूळावर नव्हे. प्रत्येक टेकला क्रमांक आणि दिनांक द्यावा, आणि कोणती ओळ कोणत्या टेकमधून घेतली याची नोंद सोबत ठेवावी. एका कागदाचे हे काम आहे. पण पोथीच्या तळाशी पाठभेद जे कार्य करतात, तेच तो कागद करील. जोड कानाला जाणवू नये ही कलावंताची अपेक्षा रास्तच आहे. अभ्यासकाची अपेक्षा इतकीच की, तो जोड निदान कोठे तरी लिहिलेला असावा.