उरलेल्याची धग

दसरा जवळ आला की आमच्या भागात घरोघरी एक पत्रिका येऊन पडते. वर गणपती, खाली संचालक मंडळाची लांबलचक रांग आणि मधोमध ठळक अक्षरांत ‘बॉयलर अग्निप्रदीपन समारंभ’. थाट सगळा लग्नपत्रिकेचा. एखादं संचालक दांपत्य सत्यनारायणाला बसतं, मग त्यांच्याच हस्ते भट्टीत पेटता बोळा पडतो, टाळ्या होतात, भाषणं होतात. पुढे काही दिवसांनी गव्हाणीत मोळी पडते आणि गळीत हंगाम सुरू होतो. या समारंभांना मी लहानपणापासून जात आलोय. पेढे मिळायचे. पण त्या भट्टीत नेमकं जळतं काय, हा प्रश्न पडायला मला कॉलेज उजाडावं लागलं.

जळतो तो उसाचा चोथा. कारखान्याच्या कागदावर तो बगॅस, कामगारांच्या तोंडी भुसा आणि गुऱ्हाळावर चिपाड. चिपाड उन्हात पसरून वाळवतात, बगॅस मात्र मिलमधून निघाला की पट्ट्यावरून तसाच ओला बॉयलरकडे जातो. वजनाच्या निम्मं त्यात पाणीच असतं, म्हणजे आगीचा काही भाग आधी ते पाणी उडवण्यातच खर्ची पडतो. तरीही भागतं.

भागतं ते का, हे गुऱ्हाळावर चांगलं कळायचं. चरकातून रस काहिलीत, चिपाड अंगणात. दोन दिवसांनी तेच वाळकं चिपाड चुलवाणात. काहिलीतला रस आटवायला त्याच उसाचं चिपाड पुरायला हवं, असा तिथला साधा हिशेब. बाहेरून लाकूड आणायची वेळ आली की मालकाचा चेहरा बदलायचा. दगडी कोळसा नाही, डिझेल नाही, उसानेच उसाला शिजवायचं. ‘जैवभार’ हा जड शब्द मी फार नंतर ऐकला, पण त्याचा अर्थ त्या धगीपाशी उभं राहूनच कळून चुकला होता.

कारखान्यात हाच हिशेब मोठ्या मापाने चालतो. टनभर ऊस गाळला की साधारण १०० ते ११० किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस, ४० ते ४५ किलो मळी आणि ३५-४० किलो प्रेसमड, म्हणजे रस गाळून उरलेला गाळ, हाती लागतो. बाकी पाणी. म्हणजे साखरेच्या कारखान्यातून साखरेपेक्षा अडीच-तीन पट भुसा बाहेर पडतो, आणि एके काळी हीच डोकेदुखी होती. ढीग साचायचे, उन्हाळ्यात पेट घ्यायचे, जागा अडवायचे. त्यामुळे जुने बॉयलर मुद्दामच उधळे ठेवलेले असत. वातावरणाच्या २१ किंवा ३२ पट दाबाची वाफ करायची, ती वापरून रस उकळायचा आणि होईल तेवढा भुसा संपवायचा. कमी जळण खाणारा बॉयलर कुणाला नकोच होता, कारण उरलेला भुसा टाकायचा कुठे?

नव्वदच्या दशकात हे चित्र पालटू लागलं. ६७, ८७, पुढे ११० पट दाबाचे बॉयलर आले. दाब वाढला की वाफेच्या अंगात जोर जास्त, म्हणून ती आधी टर्बाइन फिरवते, वीज देते, आणि तिथून दमून बाहेर पडलेली तीच वाफ रस आटवायला जाते. एकाच वाफेकडून दोन कामं करून घेणं, याचं नाव सहवीजनिर्मिती. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज ग्रीडला जाते, आणि जाते ती ऐन रब्बीत, शेतातले पंप सुरू असताना. पवनचक्क्या जोरात फिरतात त्या पावसाळी वाऱ्यावर. उसाची वीज येते ती थंडी-उन्हाळ्यात. ही जोडी चांगली जमली आहे. हंगाम संपला की मात्र भट्टी थंड, शिल्लक भुसा असेल तेवढेच दिवस.

आता त्या भुशाला भाव आहे. कागद कारखाने तो मागतात, शेजारचे कारखाने मागतात. ढिगाऱ्याभोवती पूर्वी कुत्री फिरायची, आता सुरक्षारक्षक फिरतो.

यातून धूर निघतोच, मग हे ‘हिरवं’ कसं, असा प्रश्न रास्त आहे. कोळसा जाळला काय नि चिपाड जाळलं काय, धुराड्यातून कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो. फरक उधारीच्या मुदतीचा आहे. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो, तेवढ्या काळात त्याने हवेतून ओढलेला कार्बन जळताना हवेत परत जातो आणि पुढच्या लागणीत पुन्हा उसात येतो. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षांपूर्वी पुरलेला. तो आज उकरून जाळला तर परत पुरायला कुणी येत नाही. झाडाचं लाकूड या दोहोंच्या मधे. आज तोडलेलं झाड परत तेवढं व्हायला तीस-चाळीस वर्षं लागणार असतील, तर तेवढी वर्षं ते कर्जच. आणि उसाचं खातंही अगदी कोरं नसतं. युरिया बनवायला वायू जळतो, पंपाला वीज लागते, ट्रॅक्टरला डिझेल. शिवाय जमिनीत पडलेल्या युरियाचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि त्याची उष्णता धरून ठेवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट.

पण चिपाडाचं गणित मोकळं आहे. ऊस साखरेसाठी लावलाच होता, चोथा आपसूक उरला. गुंता होतो तो मळीपासून पुढे.

साखर काढून काढून, आणखी स्फटिक बनेनासे झाले की मागे जो काळा, दाट पाक उरतो ती मळी. तिच्यात यीस्ट सोडलं की अल्कोहोल, आणि त्यातलं पाणी पार काढून टाकलं की पेट्रोलमध्ये मिसळण्याजोगं इथेनॉल. टनभर उसाच्या शेवटच्या मळीतून साधारण दहा लिटर निघतं. हे झालं ताक. लोणी काढून घेतलंय, उरलंय त्याची कढी करा, कुणाची ना नाही. ‘बी-हेवी’ मळी म्हणजे थोडं लोणी ताकातच राहू द्यायचं. आणि थेट रसापासून इथेनॉल म्हणजे दूधच ओतून देणं. साखर शून्य, पण टनाला सत्तरेक लिटर इथेनॉल.

दूध ओतण्यामागे कारण होतं. साखर गोदामात पडून, दर पडलेले, शेतकऱ्यांची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा दर, थकलेली. तेल कंपन्या इथेनॉलचे पैसे साखरेच्या मानाने लवकर देतात, ठरलेल्या दराने देतात. २०१३-१४ मध्ये देशातल्या पेट्रोलमध्ये दीड टक्का इथेनॉल होतं, जून २०२२ मध्ये दहा टक्के झालं आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर गेलं. वीस टक्क्यांची मुदत मुळात २०३० होती. ज्यांच्या उसाचं बिल त्यामुळे वेळेवर आलं, त्यांच्यापुढे इथेनॉलला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. गाडीवाल्यांची कुरकुर निराळी. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने ऊर्जा कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडं घटणारच. जुन्या घडणीच्या चारचाकीत ते सहा-सात टक्क्यांपर्यंत घटेल, हे सरकारच्याच आराखड्यात लिहिलेलं होतं.

मला अडतं ते पाण्यापाशी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळून पाहण्याचे सरकारी पथदर्शी प्रयोग २००१ मध्ये तीन ठिकाणी झाले. उत्तर प्रदेशात बरेलीकडे एक आणि महाराष्ट्रात दोन, मनमाडला आणि मिरजेला. त्याच मिरजेहून पंधरा वर्षांनी, एप्रिल २०१६ मध्ये, ‘जलदूत’ रेल्वे निघाली. तहानलेल्या लातूरला पाणी घेऊन. पहिल्या खेपेला दहा वॅगन होत्या, त्यात पाच लाख लिटर पाणी. स्टेशनावर गर्दी लोटली होती, टीव्हीवाले धावत होते. आता नीती आयोगाचा २०२१ चा इथेनॉल आराखडा उघडा. उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असं त्यात म्हटलंय. भागाकार करा. त्या पहिल्या जलदूतचं सगळं पाणी म्हणजे १७५ लिटर इथेनॉल. बाजारात मिळतं ते दोनशे लिटरचं पिंपसुद्धा भरत नाही.

हा हिशेब थोडा कडक आहे, हे मान्य. त्या पाण्यात पावसाचं पाणीही येतं, आणि उसाची साखर केली असती तरी पाणी तेवढंच लागलं असतं. जादा पिकलेल्या उसातून इथेनॉल केलं तर नवं पाणी लागत नाही. पण इथेनॉलला दर आहे म्हणून कुणी नवा ऊस लावला, तर त्या लिटरामागचं पाणी इथेनॉलच्याच खात्यावर पडतं. आणि ऊस लावताना कुणी अशी दोन खाती ठेवत नाही.

२०२३ ला पाऊस रुसला तेव्हा हे दिल्लीलाही जाणवलं. ७ डिसेंबरला केंद्राने रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. डिस्टिलरीसाठी कर्ज काढून बसलेले कारखाने हवालदिल झाले, आठवड्यात बंदी थोडी सैल झाली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठली. तोवर मका पुढे सरसावला होता. मग मक्याचे भाव चढले आणि कुक्कुटपालनवाले ओरडू लागले, कारण कोंबडीचं खाद्य म्हणजे मुख्यतः मका. एका भांड्यातलं काढून दुसऱ्यात ओतायचं, एवढंच चाललंय असं कधीकधी वाटतं.

मोगली एरंडाची कथा इथे दोन ओळींत आटपतो. या शतकाच्या सुरुवातीला पडीक जमिनीवर ही झुडपं लावून बायोडिझेलचा पूर आणायची योजना होती, एक कोटी हेक्टरहून अधिक क्षेत्राची. पडीक जमिनीवर झुडूप जगलं खरं, पण बी धरायला त्यालाही पाणी आणि खत लागतं, हे शेतकऱ्याला विचारलं असतं तर त्याने आधीच सांगितलं असतं.

उरलेल्याकडेच परत येतो. डॉ. आनंद कर्वे मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. पुण्याच्या त्यांच्या ‘आरती’ संस्थेने आधी पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पानांचा, कोळसा केला. पाचट बंद डब्यात भरायचं, बाहेरून दुसरं पाचट पेटवून तापवायचं, आतल्याचा कोळसा होतो, त्याच्या कांड्या पाडायच्या. त्याला २००२ मध्ये लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यापुढचं त्यांचं काम मला जास्त आवडतं. गोबरगॅसमध्ये आपण शेण घालतो. पण शेण म्हणजे काय? गाईने वैरणीतलं पचण्यासारखं सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. वायू करणारे जिवाणू तिच्या पोटातले, त्यांना शेणाऐवजी सरळ जेवायलाच घातलं तर? शिळा भात, खराब पीठ, नासकी फळं, पेंड. कर्व्यांच्या मांडणीप्रमाणे अशा दोन किलो पिष्टमय खाद्यातून दिवसभरात जेवढा मिथेन मिळतो, तेवढ्यासाठी शेण चाळीस किलो आणि दिवसही चाळीस लागतात. प्लास्टिकच्या एका टाकीत उपडी घातलेली दुसरी टाकी, एवढंच यंत्र. २००६ मध्ये संस्थेला दुसऱ्यांदा ॲश्डेन मिळाला. शेणाकडे वर्षानुवर्षं आपण गाईच्या बाजूने पाहत होतो, त्यांनी जिवाणूंच्या बाजूने पाहिलं.

त्याही आधी, ऐंशीच्या दशकात, फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी गोड ज्वारीच्या मागे लागले होते. कणसात दाणे, ताटात रस, उरलेल्या ताटाची वैरण. त्या रसाचं अल्कोहोल करायचं आणि ते गाडीत नव्हे, खेड्यातल्या कंदिलात आणि स्टोव्हमध्ये जाळायचं, असा त्यांचा आग्रह. निम्मं पाणी असलेल्या अल्कोहोलवर चालणारा स्टोव्हही त्यांनी केला. आडवे आले अबकारीचे कायदे. तेही समजण्यासारखं आहे म्हणा, निम्मं पाणी असलेलं अल्कोहोल स्टोव्हपर्यंत पोचेल याची हमी कोण देणार? पण त्यामुळे झालं असं, की उसाचं इंधन पंपावर पोचलं, चुलीपर्यंत आलं नाही.

गेल्या हंगामात एका कारखान्याच्या तळावर पहाटे चारला गेलो होतो. बीडकडच्या ऊसतोड टोळ्या, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, बैल वाढे चघळत उभे. मागे कारखाना दिव्यांनी लखलखलेला, धुराड्यातून वाफ. एका कोपीपुढे तीन दगडांच्या चुलीवर एक बाई भाकरी थापत होती. जळण पाचटाचं. पाचट भप्पकन पेटतं आणि लगेच विझतं, त्यामुळे एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने सतत पाचट सारणं चालू.

“पाचटावर भाजते का नीट?” मी उगाच विचारलं.

“भाजती की. पर सारखं घालत ऱ्हावं लागतं, दादा,” ती म्हणाली. मग धुराने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. “तुमी तिकडं सरका बरं, वारं त्या अंगाचं हाय.”