पद्मावतीच्या गाभाऱ्यातल्या तिघीजणी

राजगडावरच्या पद्मावतीच्या देवळात शिरलं की नजर थेट कोरीव मूर्तीकडे जाते. ही पूजेची मुख्य मूर्ती भोरच्या पंतसचिवांनी बसवलेली. तिच्या उजव्या हाताला एक लहान मूर्ती आहे. ती शिवाजी महाराजांनी स्थापन केली असं सांगतात. या दोघींच्या मध्ये आहे शेंदूर माखलेला तांदळा, म्हणजे नुसता दगड. ना नाक, ना डोळे. पण पद्मावती म्हणायचं ते या तांदळ्यालाच. बाकीच्या दोघी, माझ्या मते, तिच्याकडे मुक्कामाला आलेल्या.

गड होण्याआधी हा मुरुंबदेवाचा डोंगर होता. महाराजांनी तो बांधून काढला आणि राजगड हे नाव दिलं. देवळाची इमारत तेव्हाची मानली जाते. देवी त्याच्याही आधीची असावी. मावळात हे सगळीकडे दिसतं. देव डोंगराचा असतो, राजा नंतर येतो आणि त्याला छप्पर घालतो.

ग्रीसमध्ये अथेन्सच्या गडावर हीच तऱ्हा होती. पार्थेनॉन हे तिथलं देऊळ इसवीसनपूर्व 447 मध्ये बांधायला घेतलं. त्यात फिडियसने घडवलेली अथेना सोन्याची आणि हस्तिदंताची, जवळपास बारा मीटर उंच. जग तिचं कौतुक करतं. अथेन्सकरांची खरी देवी मात्र शेजारी होती, ऑलिव्हच्या लाकडाची जुनी ओबडधोबड मूर्ती. ती आकाशातून पडली अशी त्यांची श्रद्धा. उत्सवात बायकांनी विणलेलं नवं वस्त्र नेसवायचं ते हिलाच. आपल्याकडे साडीचोळीचा मान असतो, तसाच.

देवी आणि खजिना हे नातंही दोन्हीकडे आहे. अथेनेच्या अंगावरचं सोनं काढता येईल असंच बसवलं होतं. वेळप्रसंगी ते शहराच्या कामी यावं म्हणून. इकडे राजगडासमोरच्या तोरणा किल्ल्यावर कोठी दरवाजाजवळ तोरणजाईचं छोटं देऊळ आहे. गडाची डागडुजी करताना महाराजांना धन सापडलं ते इथेच, असं परंपरा सांगते. त्या धनातून राजगड उभा राहिला.

पुन्हा राजगडाच्या पद्मावती माचीवर येऊ. देवळासमोर सईबाईंची समाधी आहे. 1659 च्या सप्टेंबरात त्या याच गडावर वारल्या. संभाजीराजे तेव्हा अवघे दोन वर्षांचे. अफजलखानाचं संकट दाराशी आलेलं. 1665 च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले गेले, तरी राजगड आणि तोरणा हे दोन्ही हाती राहिले. 1666 मध्ये आग्र्याहून सुटून महाराज इथेच परतले. 1670 मध्ये राजारामांचा जन्म इथला. एवढं सगळं या देवीच्या अंगणात झालं, आणि तरी पर्यटक देवळात टेकायचा तो पाठ टेकायला. त्यात गैर काही नव्हतं. कित्येक पिढ्यांच्या ट्रेकरांनी इथे पथाऱ्या पसरल्या, शेजारच्या टाक्याचं पाणी प्यायलं.

पार्थेनॉनचं चर्च झालं, मग मशीद झाली, आणि 1687 मध्ये आत ठेवलेल्या दारूगोळ्यावर व्हेनिसवाल्यांचा तोफगोळा पडून ते फुटलं. दोनच वर्षांनी राजगड मोगलांकडे गेला. फरक पुढे आहे. गड मराठ्यांनी परत घेतला. शंकराजी नारायण सचिवांच्या वंशजांकडे, म्हणजे भोर संस्थानाकडे, हा मुलूख 1948 च्या विलीनीकरणापर्यंत राहिला. गाभाऱ्यातली मोठी मूर्ती ही त्या अमदानीची खूण. सत्ता बदलल्या तसा गाभारा भरत गेला. आधीची देवी कुणी हलवली नाही. 2002 मध्ये देवळाचा जीर्णोद्धार झाला, तेव्हाही तिघी जागच्या जागी राहिल्या. 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गड ज्या तालुक्यात आहे त्या वेल्हे तालुक्यालाच राजगडाचं नाव द्यायचं ठरवलं.

गुंजवण्याकडून चोरदरवाजाने याल तर चढ खडा आहे. पाली दरवाजाची वाट पायऱ्यांची, त्यामानाने सोपी. वर पोहोचलात की फोटो मोठ्या मूर्तीचा खुशाल काढा, पण हात जोडाल ते मधल्या तांदळ्यासमोर जोडा.